तीन गोळ्यांची पट्टी

मेडिकलच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की कुणीतरी येऊन म्हणतंच, "घसा धरलाय, अ‍ॅझी पाचशे द्या." अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी काउंटरवर येते. पट्टीवर उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका, असं ती सांगते, पण तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पण पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात टायफॉईडच्या असंख्य रुग्णांची भिस्त याच गोळीवर आहे.

सिंधमध्ये हैदराबाद नावाचं शहर आहे. नोव्हेंबर २०१६ पासून तिथे टायफॉईडचे असे रुग्ण येऊ लागले, ज्यांचा ताप सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या इंजेक्शनांनीही उतरेना. क्लोरॅम्फेनिकॉल, अ‍ॅम्पिसिलिन, को-ट्रायमॉक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन ही जुनी औषधंही निकामी ठरली. पोटात घ्यायची भरवशाची गोळी एकच उरली, अ‍ॅझिथ्रोमायसिन. तीही लागू पडली नाही तर कार्बापेनेम गटातली महागडी इंजेक्शनं शिरेतून द्यायची.

"माझ्या अंगाला औषधाची सवय झालीय," असं आपण सहज म्हणतो. सवय अंगाला होत नाही, औषधाला दाद देईनासा होतो तो जंतू. सिंधमधल्या जंतूचा जनुकीय अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. आशियात आधीच पसरलेल्या टायफॉईडच्या जंतूला प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं एक छोटं कडं, मिळालं होतं. तसंच कडं आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जंतूत आढळतं. एका जातीच्या जंतूची ताकद दुसऱ्या जातीला आयती मिळाली! सर्दीसाठी घेतलेली अँटिबायोटिक सर्दीच्या विषाणूचं काहीच करत नाही. आतड्यातल्या जंतूंवर मात्र तिचा मारा होतो, आणि त्यातून तगतात ते नेमके असलेच चिवट जंतू.

"मी उगाच गोळ्या घेत नाही, मला कसली भीती?" हैदराबादमधल्या रुग्णांची घरं नकाशावर मांडली, तेव्हा ती सांडपाण्याच्या वाहिन्यांभोवती दाटलेली दिसली. चिवट जंतू दूषित पाण्यातून येतो. आयुष्यात एकही अँटिबायोटिक न घेतलेल्या मुलालाही तो गाठतो.

आपल्याकडचा सगळ्यात रुजलेला समज विडाल नावाच्या रक्ततपासणीचा. "विडाल पॉझिटिव्ह आली, टायफॉईड आहे," एवढ्यावर औषध सुरू होतं. ही तपासणी १८९६ची. ती जंतू शोधत नाही, रक्तातली प्रतिपिंडं मोजते. पूर्वी होऊन गेलेला टायफॉईड, आधी घेतलेली लस किंवा दुसराच एखादा ताप यांमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. खरा आधार ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहण्याचा. कल्चरमध्येही प्रत्येक वेळी जंतू सापडतोच असं नाही. पण सापडला, तर त्याच्यावर कोणतं औषध चालेल हेही कळतं. म्हणून रक्त पहिल्या डोसच्या आधी द्यायला हवं. दोन दिवस घरच्या घरी गोळ्या खाऊन मग लॅबमध्ये गेलं, तर ही संधी बहुतेक वेळा हुकलेली असते.

"नवं औषध येईलच की!" पण नवं औषधही कायम टिकत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल टायफॉईडवर १९४८मध्ये आलं. १९७२मध्ये केरळात कालिकतला त्याला न जुमानणारी साथ आली. बांगलादेशात तर २०१९मध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिनलाही दाद न देणारे जंतू नोंदवले गेले. जनुकातला एक बारीकसा बदल त्यांना पुरला.

लसीचा आणि या सगळ्याचा संबंध नाही, असंही वाटतं. मला तर तो फार जवळचा वाटतो, कारण जो ताप आलाच नाही, त्यासाठी गोळीही लागत नाही. टायफॉईडची संयुग्म लस भारत बायोटेकने आपल्या हैदराबादेत तयार केली. नवी मुंबई महापालिकेने २०१८मध्ये एक लाखाहून जास्त मुलांना ती दिली. नोव्हेंबर २०१९मध्ये पाकिस्तानने सिंधपासून सुरुवात केली आणि नेहमीच्या लसीकरणात ही लस घेणारा तो जगातला पहिला देश ठरला. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ ती देतात, एकाच डोसात. पुढच्या वेळी बाळाला लस टोचायला न्याल, तेव्हा जरूर विचारा.