कानातील टिकटिक आणि मध्यकर्णाची शस्त्रक्रिया

तामिळनाडूतील कुंभकोणम हे एकेकाळी तंजावरच्या मराठा राज्यात मोडणारे मंदिरांचे शहर. तेथील मंदिरात नागस्वरम आणि तविल यांचा घोष सुरू झाला, की ऐकणाऱ्याच्या कानातील एक अतिशय लहान स्नायू नकळत आकुंचन पावतो आणि आतल्या कानावर पडणारा आवाजाचा जोर काहीसा कमी करतो. मात्र, बाहेर शांतता असतानाही कानातील स्नायू वारंवार आकसू लागले, तर रुग्णाला टिकटिक, फडफड किंवा गुणगुण ऐकू येते. या दुर्मीळ विकाराला ‘मध्यकर्ण मायोक्लोनस’ असे म्हणतात.

मध्यकर्णात असे दोन स्नायू असतात. ‘स्टेपिडियस’ हा सुमारे 6 मिलिमीटर लांबीचा स्नायू रिकीब या हाडाला जोडलेला असतो. मोठा आवाज होताच आकसणारा स्नायू तो हाच. ‘टेन्सर टिम्पनी’ हा दुसरा स्नायू हातोडी या हाडाला जोडलेला असून तो कानाचा पडदा ताणतो. घास चावताना किंवा दचकल्यावर तो आकुंचन पावतो.

कर्णनादाच्या बहुतांश रुग्णांना प्रत्यक्षात नसलेला आवाज ऐकू येतो आणि त्याचा संबंध बहुधा श्रवणशक्ती कमी होण्याशी असतो. मायोक्लोनसमध्ये मात्र आवाज कानात खरोखरच निर्माण होतो. काही वेळा तो तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ऐकू येतो. त्यामुळे ‘हा मनाचा खेळ आहे’, असे सांगून रुग्णाला परत पाठविणे योग्य नाही.

निदानासाठी पडद्याची हालचाल दुर्बिणीतून पाहिली जाते, तसेच श्रवणचाचणी आणि टिम्पनोमेट्री केली जाते. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असल्यास रक्तवाहिन्यांची तपासणी आवश्यक ठरते. टाळूचे स्नायू हलत असल्यास मेंदूचा एमआरआय करावा लागतो.

उपचारांची सुरुवात रुग्णाला धीर देणे, ताण कमी करणे आणि स्नायू शिथिल करणारी औषधे देणे यांपासून होते. या उपायांनी आराम न पडल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. कानाच्या नळीतून पडदा अलगद उचलून, सूक्ष्मदर्शक किंवा एंडोस्कोपच्या साहाय्याने एका किंवा दोन्ही स्नायूंच्या कंडरा, म्हणजेच स्नायूला हाडाशी जोडणारे तंतू, कापले जातात. त्यानंतर पडदा पूर्ववत बसविला जातो.

प्रसिद्ध झालेल्या अनुभवांनुसार अनेक रुग्णांचा आवाज थांबला किंवा कमी झाला. मात्र, हे अनुभव थोड्या रुग्णांपुरते मर्यादित आहेत आणि काहींना पुन्हा त्रास झाल्याचीही नोंद आहे. पडद्याला छिद्र पडणे, ऐकू कमी येणे, चक्कर येणे आणि चव बदलणे हे या शस्त्रक्रियेतील धोके होत. स्टेपिडियसची कंडरा कापल्यानंतर मोठ्या आवाजापासून मिळणारे नैसर्गिक संरक्षणही घटते. मंदिरातील वाद्यघोष काहींना पूर्वीपेक्षा कर्कश वाटू शकतो.

ही शस्त्रक्रिया सर्वसामान्य कर्णनादावरील उपाय नव्हे. आवाज याच स्नायूंचा असल्याची खात्री पटल्यानंतरच, कान-नाक-घसा तज्ज्ञांशी चर्चा करून रुग्णाने हा निर्णय घेणे हिताचे ठरते.