पंखाच्या पुढची खिडकी

शिकागो ते सॅन फ्रान्सिस्को हा हवाई मार्ग बोईंग एअर ट्रान्सपोर्टने 1 जुलै 1927 रोजी सुरू केला, तेव्हा विमानात प्रवाशांसाठी जागा होत्या फक्त 2. कमाई टपालाची, माणसं वरकड. पोती रचून झाल्यावर पंखांच्या मध्ये उरलेल्या चिमुकल्या खोलीत ते दोघं बसत, आणि वैमानिक त्यांच्या मागे, उघड्यावर, वारा खात. वाटेत ठिकठिकाणी उतरत, इंधन घेत, हा प्रवास 23 तासांच्या आसपास चाले. भाडं 200 डॉलर. पहिली प्रवासी होती जेन ईड्स, शिकागोच्या एका वर्तमानपत्राची बातमीदार. त्या काळी रात्री वाट दाखवायला जमिनीवर दिवे असत आणि त्यांच्या पायथ्याशी काँक्रीटचे अवाढव्य बाण. पश्चिमेकडच्या ओसाड माळांवर त्यातले काही बाण अजून पडून आहेत.

याच मार्गावर मे 1930 मध्ये एलन चर्च ही परिचारिका जगातली पहिली हवाई सेविका म्हणून विमानात चढली. ओकलंड ते शिकागो, 20 तास, वाटेत 13 थांबे. आज याच मार्गावर पुढच्या रांगेत बसून कुणी सेविकेच्या हातून पेला घेतं, तेव्हा ती परंपरा कुठून आली हे त्याला बहुधा ठाऊक नसतं.

तेव्हा सगळे प्रवासी एकाच वर्गाचे, कारण दुसरा वर्ग जन्मालाच यायचा होता. 1948 मध्ये कॅपिटल एअरलाइन्सने न्यूयॉर्क आणि शिकागोदरम्यान रात्रीची स्वस्त ‘कोच’ सेवा सुरू केली आणि मग विमानात मागचं आणि पुढचं असा भेद आला. म्हणजे पडदा पुढच्यांसाठी लावला गेला असं आपण समजतो, पण नवीन आले ते मागचे.

आता समजा, पूर्व किनाऱ्यावर नातलगांकडचं लग्न उरकून, शिकागोत एक रात्र थांबून, कुणी मराठी माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी आपल्या घरी निघालाय. साठवलेले मैल वापरून त्याला पहिल्या वर्गाची खिडकी मिळाली आहे. त्यात मिळतं काय? सहा जणांच्या रुंदीत चार खुर्च्या, गुडघ्यांपुढे अर्धा फूट जास्त जागा, उड्डाणाआधी एक पेला, काचेच्या भांड्यात गरम बदाम-काजू. पलंगासारखी आडवी होणारी खुर्ची या मार्गावर सहसा नसते. आणि कंपन्या इथेही हिशेब सोडत नाहीत: 1980च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल यांनी पहिल्या वर्गाच्या सॅलडमधलं एक ऑलिव्ह काढून वर्षाला 40,000 डॉलर वाचवले, असं सांगतात.

माझ्या मते या तिकिटातली खरी चैन त्यांच्या जाहिरातीत नसतेच. ती अशी: तुमची खुर्ची पंखाच्या पुढे असते. खाली बघायला मध्ये काही नाही, आणि इंजिनांचा गोंगाट मागे राहतो. आणि इतके पैसे मोजून बहुतेक लोक बसताक्षणी खिडकीची झडप खाली ओढतात!

झडप उघडी ठेवणाऱ्याने आधी काचेकडेच बघावं. तिच्या तळाशी एक इवलंसं छिद्र दिसेल, आणि थोड्या वेळाने त्याभोवती हिमाची नक्षी. खिडकीला तीन तावदानं असतात. आतलं नुसतं ओरखडे झेलायला. बाहेरचं सारा भार पेलतं, आणि मधलं, हे भोक पाडलेलं, राखीव. भोकातून केबिनमधली हवा मधल्या पोकळीत शिरते, म्हणून दाब बाहेरच्या तावदानावर पडतो. ते फुटलंच तर मधलं सांभाळून घेतं. हा दाब थोडाथोडका नाही. 36,000 फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम एक पंचमांश. केबिनमधला त्याहून कितीतरी जास्त. त्या फरकामुळे वहीच्या दोन पानांएवढ्या खिडकीवर आतून बाहेर अर्ध्या टनाच्या आसपास जोर लागत असतो, आणि आपण तिला डोकं टेकवून डुलक्या काढतो.

श्वासाची हवा तर आणखी अजब. बाहेर उणे 56 अंश सेल्सिअस. ती विरळ, गोठलेली हवा इंजिनाच्या तोंडातून आत जाते आणि इंधन जळण्याआधीच्या टप्प्यात तिचा काही भाग काढून घेतला जातो. तोवर दाबली गेल्यामुळे ती 200 अंशांच्या आसपास तापलेली असते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप हाताला चटके देतो, त्याच कारणाने. मग उणे 56 वरून 200 वर नेलेली हीच हवा थंड करत करत माणसाला सोसेल अशी करतात आणि छताजवळून सोडतात. शेपटाकडच्या झडपेतून जुनी हवा सतत बाहेर पडते. दोन-तीन मिनिटांत अख्ख्या केबिनची हवा बदललेली असते, पडद्याच्या अलीकडेही आणि पलीकडेही.

तरी दाब जमिनीइतका ठेवत नाहीत. विमानाचं अंग त्यासाठी फार जड करावं लागेल. म्हणून आत 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असतो तेवढा दाब. आपलं कळसूबाईचं शिखर साधारण 5,400 फुटांचं. म्हणजे चार तास आपण कळसूबाईच्याही वर बसून जेवतो. पाणी तिथे 92-93 अंशांनाच उकळतं, त्यामुळे विमानातल्या चहाला कधी रंगच चढत नाही. दोष देणाऱ्यांनी आधी वायुदाबाला द्यावा. जेवणाचंही तेच. 2010 च्या सुमारास जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने कमी दाबाच्या दालनात विमानाचा सांगाडा ठेवून लोकांना जेवू घातलं; मीठ त्यांना 20 ते 30 टक्के कमी जाणवलं आणि साखर 15 ते 20 टक्के. 2015 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात निव्वळ आवाजाने गोडाची चव मंदावली आणि टोमॅटोत असते ती ‘उमामी’ चव मात्र वाढली. पंखाच्या पुढे आवाज कमी, तेव्हा पुढच्यांना खीर थोडी गोड लागत असावी. हा माझा तर्क. हातबॅगेत शेंगदाण्याची चटणी असू द्यावी.

खाली एव्हाना मिशिगन सरोवर मागे पडलेलं असतं. महाराष्ट्राच्या जवळपास पाचव्या हिश्शाएवढं पाणी. पुढे आयोवा, नेब्रास्का, आणि जमिनीवर चौकटीच चौकटी. नकाशावर आखलेल्या रेषा जमिनीवर उतरल्या आहेत असं वाटतं, आणि घडलंही तसंच: 1785 च्या कायद्याने मोजणीदारांनी एक-एक मैलाचे चौरस पाडत पश्चिमेकडे चाल केली. रस्ते आले ते त्या रेषांवरून. नेब्रास्कात त्या चौरसांमध्ये हिरवी वर्तुळं दिसू लागतात. फ्रँक झायबॅक या शेतकऱ्याला 1952 मध्ये एका यंत्राचं पेटंट मिळालं: विहिरीभोवती चाकांवर फिरणारा, जवळजवळ 400 मीटर लांबीचा नळ. तो फिरतो, पाणी शिंपडतो, आणि शेताला स्वतःचा आकार देतो. 160 एकरांच्या चौरसात 130 एकरांच्या आसपास भिजतात. चार कोपरे कोरडे. रस्त्यावरून मोटारीने जाणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

विमान मात्र इथे रेंगाळतंय. पश्चिमेकडून येणारा जेट प्रवाह समोरून ढकलत असतो, म्हणून परतीच्या दिशेपेक्षा वेळापत्रकातच जास्त वेळ धरलेला. हा वारा जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात फुगे सोडून मोजला होता आणि जगाला कळावं म्हणून त्याचा अहवाल 1926 मध्ये चक्क एस्पेरांतो या जगासाठी घडवलेल्या भाषेत छापला. जगाने वाचलंच नाही. 1944 मध्ये अमेरिकन बॉम्बफेकी विमानं जपानवर गेली, तेव्हा त्यांना तो थेट अंगावर घ्यावा लागला.

पश्चिमेला जाण्याची भरपाई वेगळ्या नाण्यात होते. या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी साधारण 1,260 किलोमीटरने पूर्वेकडे फिरतो आणि विमान ताशी 750 ने उलट पळतं. परिणाम: सूर्य नेहमीच्या दोन पंचमांश गतीने मावळतो. जमिनीवर 3 मिनिटांत बुडणारं बिंब वर 7-8 मिनिटं रेंगाळतं, आणि त्याआधीची तिरपी, तांबूस उन्हं तर किती तरी वेळ. त्या उजेडात रॉकी पर्वताच्या प्रत्येक घडीला सावली येते. 36,000 फुटांवरून क्षितिज 370 किलोमीटरवर असतं. मुंबईच्या डोक्यावरून कोल्हापूर दिसावं एवढं.

मग युटाह. मार्ग जरा उत्तरेकडून असेल तर ग्रेट सॉल्ट लेक दिसतं, आणि ते दोन रंगांचं असतं. 1959 मध्ये रेल्वेने मधोमध दगडांचा बांध घातला; नद्या दक्षिण भागात येतात, उत्तरेकडे पाणी पोचणं अवघड झालं, खारटपणा बेसुमार वाढला आणि तिथे मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांनी पाणी गुलाबी केलं. 2020 च्या जूनमध्ये आपलं लोणार गुलाबी झालं, ते याच कुळातल्या जिवांमुळे. नेवाडात समांतर डोंगरांच्या रांगा आणि मधल्या कोरड्या दऱ्या: भूकवच पूर्व-पश्चिम ताणलं गेलं, तडे गेले, काही पट्टे खचले, काही वर राहिले.

सिएरा नेवाडा ओलांडली की विमान उतरू लागतं, आणि उपसागराच्या दक्षिण टोकाला मिठागरांचे लाल, केशरी, हिरवट तुकडे येतात. पुन्हा तेच मीठवेडे जीव, शेवाळाच्या साथीने. दोन्ही काठांवर फ्रीमाँट, सनीव्हेल. या वस्त्यांत मराठी घरं पुष्कळ. विमानतळाच्या दोन जोडधावपट्ट्यांत अंतर केवळ 750 फूट, म्हणजे 229 मीटर. हवा स्वच्छ असली की इथे वर्षानुवर्षं दोन विमानं जवळजवळ जोडीने उतरत; शेजारच्या विमानाच्या खिडक्या मोजता येत. पण त्यासाठी वैमानिकांना एकमेकांचं विमान दिसावं लागे. समुद्रावरचा सकाळचा ढग खाली आला की एकेकच उतरायचं, आणि त्याचा फटका 3,000 किलोमीटर लांब शिकागोत बसतो: तिथली विमानं जमिनीवरच थोपवतात. म्हणून उन्हाळ्यात सकाळचं तिकीट टाळावं. शिकागोहून संध्याकाळी पाच-साडेपाचचं घ्यावं, जागा उजवीकडे मागावी म्हणजे सूर्य मिळतो. ग्रेट सॉल्ट लेकही त्याच बाजूला.