कुत्र्याच्या उलटीवर घरातली गोळी नको

राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेला फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि सोबत लाडका कुत्रा टॉबी. पनवेलच्या आपल्या वस्त्यांतही दाराशी असा एखादा टॉबी असतोच. तो ओकू लागला की आपण घरातल्या औषधांचा डबा उघडतो. आम्हाला सांगायचे आहे ते इथेच : थांबा.

उलटी हा आजार नव्हे, आजाराची खूण आहे. एखादी उलटी होऊन मोठा कुत्रा खेळता असेल, तर काही तास खाणे बंद ठेवा, पाणी थोडे थोडे द्या. मग मऊ भात आणि बिनमिठाचे, बिनहाडाचे उकडलेले चिकन द्या. पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नका, लगेच दाखवा.

डॉक्टरांकडे तीन औषधे प्रामुख्याने असतात. मॅरोपिटंट मेंदूतल्या उलटीच्या केंद्राकडे जाणारा निरोप अडवते. ते दिवसातून एकदाच देतात. ऑन्डान्सेट्रॉन माणसांनाही देतात, पण कुत्र्याचा डोस त्याच्या वजनावर ठरतो. मेटोक्लोप्रमाइड पोटातले अन्न पुढे ढकलते. आतड्यात हाड किंवा चिंधी अडकली असेल, तर हेच औषध आतडे फाडू शकते. कुत्र्याने उंदराचे विष खाल्ले असेल, तर उलटी दाबणेही घातक. म्हणून त्याने काय खाल्ले, ते आधी सांगा. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कधीच देऊ नका. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका.

उलटीत किंवा शौचात रक्त, पाणीही न टिकणे, पोट फुगणे, डोळे पिवळे होणे, यांपैकी काही दिसले तर उशीर नको. पिल्लांत पार्व्हो जीव घेतो. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत पूर्ण करावी. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो. तो माणसालाही होतो, म्हणून ओक पुसताना हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा.

आधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आहे.

पंचशीलातले पहिले शील प्राणिमात्राला इजा न करण्याचे. मायेने दिलेली चुकीची गोळीही इजाच करते. करुणेला माहितीची जोड द्या. जय भीम.