स्टार्टर पिचर बघून सामना सांगता येतो का?

आमच्या पलटणीतला एक हवालदार, आता निवृत्त, मागच्या उन्हाळ्यात फोनवर म्हणाला, "साहेब, तुम्ही बेसबॉल बघता ना? मग आज कोण जिंकेल तेवढं सांगा." खोदून विचारलं तेव्हा कळलं, की गडी मोबाइलवर कुठल्याशा ॲपवर पैसे लावतोय. पद्धत एकच. दोन्ही संघांचे स्टार्टर पिचर कोण ते बघायचं आणि ज्याचा आकडा चांगला त्याच्या संघावर लावायचं. महिनाभरात पेन्शनमधले अकरा हजार गेले होते. त्याला रागावलो, ते सोडा. पण त्याची पद्धत चुकीची नव्हती, ती अर्धी होती. उरलेली अर्धी आज बघू.

मला हा नाद लागला मुलीमुळे, ती न्यू जर्सीत असते. न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो. फौजी माणूस त्या वेळी जागाच असतो.

आधी स्टार्टरला एवढं महत्त्व का, ते समजून घ्या. एकदिवसीय क्रिकेटमध्ये एका गोलंदाजाला 10 षटकंच मिळतात. बेसबॉलमध्ये पिचर बदलेपर्यंत प्रत्येक चेंडू तोच टाकतो. खांद्यावर इतका ताण येतो, की संघ साधारण पाच स्टार्टर ठेवतो आणि एकाची पाळी पाचव्या-सहाव्या दिवशी येते. म्हणजे तोच संघ मंगळवारी वेगळा आणि बुधवारी वेगळा. म्हणून स्टार्टरची तुलना करायचीच. प्रश्न आहे कोणत्या आकड्याने.

बहुतेक जण पिचरच्या नावावर किती विजय आणि किती पराभव ते बघतात. हा आकडा सरळ बाजूला ठेवा. 2018 साली न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमने 217 इनिंग टाकल्या आणि त्याचा ईआरए होता 1.70. ईआरए म्हणजे पिचर दर नऊ इनिंगमागे, क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून, किती धावा देतो. चारच्या आसपास असेल तर पिचर ठीकठाक म्हणायचा, दोनच्या खाली म्हणजे अफाट. त्याला त्या वर्षीचा साय यंग पुरस्कार मिळाला. आणि नावावर विजय किती? 10, पराभव 9. तो स्टार्टर असलेल्या 32 सामन्यांपैकी मेट्सने जिंकले 14 आणि हरले 18! आमच्या हवालदाराने त्या वर्षी दर वेळी डिग्रॉमवर पैसे लावले असते, तरी निम्म्याहून जास्त वेळा घालवलेच असते.

कारण साधं आहे. पिचर धावा रोखतो, काढत नाही. त्याचे फलंदाज ढिम्म बसले तर तो काय करणार?

ईआरएमध्येही एक गोम आहे. 2001 मध्ये व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने दाखवलं, की चेंडू बॅटला लागून मैदानात पडला की पुढे काय होईल ते पिचरच्या हातात फारसं नसतं. क्षेत्ररक्षक चपळ असेल तर बाद, नाहीतर हिट. पिचरची खरी कमाई तीन गोष्टींत दिसते: स्ट्राइकआउट किती, वॉक किती आणि होम रन किती. डिग्रॉमचे त्या वर्षी 269 स्ट्राइकआउट आणि फक्त 46 वॉक. त्याच्या 1.70 मागे नशीब कमी आणि हात जास्त होता, ते इथे कळतं. मैदानही बघायला हवं. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे 5,200 फुटांवर आहे. विरळ हवेत मारलेला चेंडू लांब जातो आणि टाकलेला चेंडू कमी वळतो. तिथल्या पिचरचा ईआरए फुगलेला दिसला म्हणून त्याला लगेच कच्चा ठरवू नका.

आता मुख्य हिशोब. समजा, एकाचा ईआरए 3 आणि दुसऱ्याचा 4.5. फरक दीड धावेचा, पण नऊ इनिंगमागे. आजकाल स्टार्टर साधारण पाच-साडेपाच इनिंग टाकतो, म्हणजे प्रत्यक्ष फरक उरतो 0.9 धावेचा. मोसमभराच्या हिशोबात सुमारे 10 धावा म्हणजे एक विजय असं मानतात. त्या मापाने एका सामन्यात एका धावेची आघाडी म्हणजे जिंकण्याच्या शक्यतेत जवळपास दहा टक्क्यांची वाढ. बाकी सगळं समान धरलं, तर पन्नासाचे एकोणसाठ झाले. चांगला पिचर पाहुण्या संघाचा असेल तर त्यातलेही चारेक टक्के गेले, कारण शंभरातले साधारण 54 सामने यजमान जिंकतात. उरले पंचावन्न. एवढा मोठा दिसणारा फरक, आणि हाती लागली पाच टक्के आघाडी!

पूर्वी हे गणित वेगळं होतं. 1972 मध्ये फिलाडेल्फियाच्या स्टीव्ह कार्लटनने 41 सामने सुरू केले आणि त्यातले 30 एकट्याने संपवले. संघाने अख्ख्या मोसमात 59 सामने जिंकले, त्यातले 27 त्याच्या नावावर. तेव्हा स्टार्टर बघणं म्हणजे जवळजवळ सामना बघणंच. आज तसं नाही. 2020 च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टँपा बे रेजचा ब्लेक स्नेल 73 चेंडूंत 9 स्ट्राइकआउट घेऊन 1-0 ने पुढे होता. सहाव्या इनिंगमध्येच त्याला काढलं. सामना डॉजर्सने 3-1 ने जिंकला आणि मालिकाही. त्याच रेजनी 2018 मध्ये पहिली इनिंग टाकायला सर्जिओ रोमो हा राखीव पिचर पाठवून नवीनच चाल सुरू केली होती. अशा दिवशी कागदावरचं स्टार्टरचं नाव वाचून काय उपयोग? म्हणून मी स्टार्टरनंतर लगेच बुलपेन बघतो, म्हणजे राखीव पिचरांची तुकडी. काल-परवा त्यांनी किती चेंडू टाकले, कोण थकलंय. फौजेत आघाडीची कंपनी बघून झाली की आपण राखीव फळी विचारतोच ना?

हवालदाराला शेवटी हे समजावलं, की स्टार्टरची नावं ॲपवाल्यालाही दिसतात. चांगल्या पिचरच्या संघावर तो पंधराशे लावायला सांगतो आणि जिंकल्यावर वर हजारच देतो. म्हणजे दहातले सहा बरोबर आले तरी फायदा शून्य, आणि स्टार्टर बघून आपल्याला कळतं ते फार तर तेवढंच. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे साहेब, आपलं ज्ञान त्याने आधीच भावात धरलंय."

ॲप त्याने काढून टाकलं. आता पहाटे मला दोन संघांची नावं आणि खाली "बुलपेन थकलेलं" एवढाच मेसेज येतो. मागच्या आठवड्यात त्याचे बारापैकी सात बरोबर आले, माझे सहा.