फेफऱ्याच्या जोडीचे विकार

अपस्मार असलेल्या मुलाच्या आईबापांना डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो हा, की मध्यंतरी फेफरे आले होते काय? "नाही" असे उत्तर आले की सर्वांना हायसे वाटते. पण फेफरे थांबले तरी पुष्कळदा मुलाची अडचण संपत नाही. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २००५ साली या रोगाची जी व्याख्या केली, तीत झटक्यांबरोबरच बुद्धी, मन आणि सामाजिक जीवन यांवरील परिणामांचाही समावेश आहे.

याचे कारण उघड आहे. मेंदूतील पेशींचा व्यवहार विद्युत्-स्पंदनांनी चालतो. ती स्पंदने एकाएकी अनावर झाली म्हणजे फेफरे येते. जन्मसमयीची इजा, मेंदूज्वर किंवा आनुवंशिक दोष अशा ज्या कारणाने हे घडते, तेच कारण लक्ष, स्मृती व वाचा यांनाही बाधा आणू शकते. अशा मुलांपैकी साधारणतः तिघांमागे एकात अवधानाचा अभाव किंवा अतिचंचलता आढळते. काहींना वाचन वा गणित जड जाते. काहींत स्वमग्नता असते. वाढत्या वयात उदासीनता आणि भीती मनात घर करतात.

दुर्दैवाने, असे मूल आळशी किंवा हट्टी ठरते आणि शिक्षा भोगते. त्यातच काही झटके इतके सौम्य असतात की मूल पडत नाही. पाच-दहा सेकंद शून्यात पाहत राहते, इतकेच. विचारांत गढलेले मूल हाक मारली वा खांद्याला हात लावला की बहुधा भानावर येते. झटक्यातील मूल सहसा येत नाही. शिक्षकांनी एवढी पारख केली, तरी पुष्कळ मुलांचा छळ वाचेल.

औषधांचाही विचार करावयास हवा. १९१२ पासून वापरात असलेल्या फिनोबार्बिटलने काही मुले चिडखोर व चंचल होतात. परंतु म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. ते एकदम थांबविल्यास लागोपाठ झटके येऊन जिवावर बेतू शकते. औषध बदलावयाचे की मात्रा, हे डॉक्टरांनीच ठरवावे. झोपेकडेही लक्ष असावे, कारण अपुऱ्या झोपेने झटके वाढतात आणि रात्रीच्या झटक्यांनी झोप मोडते.

तेव्हा पुढच्या खेपेस दवाखान्यात जाताना झटक्यांच्या नोंदीबरोबर आणखी चार गोष्टी लिहून न्याव्या: मुलाची झोप कशी आहे, शाळेत लक्ष लागते काय, पाठ केलेले आठवते काय, आणि ते पूर्वीसारखे खेळते-हसते काय. यांतील कशाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर तोही आजाराचाच भाग समजून त्यावर उपचार मागावा. मुलाला शाळेतून मात्र काढू नये.