आधी प्राण, मग हिशेब

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे शहर यंत्रमागांसाठी साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. येथील गल्लीगल्लीतून मागांचा खडखडाट रात्रंदिवस ऐकू येतो. शहराबाहेर काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली ह्या गावांच्या शिवारात मोठमोठी गोदामे उभी राहिली आहेत आणि मुंबई-नाशिक महामार्गावरून मालमोटारींची रीघ अखंड चालू असते. जेथे इतकी यंत्रे, इतकी वाहने आणि इतकी दाट वस्ती, तेथे अपघाताचे भयही मोठे असावयाचेच.

२१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे, लोक गाढ झोपेत असताना, ह्या शहराच्या पटेल कंपाउंड भागातील 'जिलानी' नावाची तीन मजली इमारत कोसळली. जवळजवळ चाळीस माणसे मृत्युमुखी पडली. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या जखमींना तातडीने रुग्णालयांत पोहोचविण्यात आले. घरदार गाडले गेलेल्या माणसाजवळ त्या घटकेस पैसे कोठून असणार? तरीही त्याला वाहून नेणारी गाडी हवी, मलमपट्टी करणारे हात हवेत, औषधे हवीत. ह्या सर्वांना खर्च येतो. तो खर्च कोण सोसतो, हे प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे. कारण ते न कळल्यामुळे मोलाचा वेळ दवडला जातो आणि कधीकधी जीवही गमवावा लागतो.

पूर्वी हा भार दयाळू व्यक्तींवर असे. मुंबईत १८४५ साली उघडलेल्या रुग्णालयासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली. १८९७ साली पुण्याकडे प्लेगची साथ आली, तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी एका आजारी मुलाला स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले. त्यांना त्या रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रुग्ण वाहून नेण्याची किंमत त्यांनी आपल्या प्राणांनी चुकविली. अशी माणसे वंदनीय होत. परंतु प्रत्येक अपघाताच्या वेळी अशी व्यक्ती जवळ असेलच, असे नाही. म्हणून एकाच्या दयेवर सोपविलेले हे काम पुढे समाजाने आपल्या अंगावर घेतले. ते आज कसे चालते, हे एका उदाहरणावरून पाहू.

यंत्रमागावर काम करणारा एक कामगार रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी निघाला आहे, अशी कल्पना करा. महामार्गावर एका मालमोटारीचा धक्का लागून तो पडतो व बेशुद्ध होतो. वाटेने जाणारा कोणी एक गृहस्थ दूरध्वनीवरून १०८ हा क्रमांक फिरवितो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. त्या वेळी तीत ९३७ रुग्णवाहिका होत्या; त्यांपैकी २३३ गाड्यांत अत्यवस्थ रुग्णांसाठी लागणारी अधिक प्रगत साधने होती. गाडीत डॉक्टर असतो आणि उपचारास वाटेतच आरंभ होतो. ह्या गाडीला भाडे द्यावे लागत नाही. तिचे इंधन, तिच्यावरील माणसांचे वेतन आणि औषधे यांचा खर्च राज्य व केंद्र सरकारच्या तिजोरीतून होतो.

ही गाडी जखमी कामगाराला भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात आणते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्वांना मोफत उपचार मिळतात. तेथे होऊ न शकणारी मोठी शस्त्रक्रिया करावयाची असल्यास रुग्णाला ठाण्यास किंवा मुंबईस पाठवावे लागते. त्या प्रवासालाही १०८ ची गाडी उपयोगी पडते.

पण सर्वांत जवळचे रुग्णालय खाजगी असेल तर? येथे कायदा आडवा येत नाही, उलट पाठीशी उभा राहतो. एका मोटारीने उडविलेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने घेतले नाही. पोलिसांकडे जाणारी अशी प्रकरणे हाताळण्याचा अधिकार असलेल्या दूरच्या रुग्णालयात न्या, असे सांगण्यात आले आणि तो वाटेतच मरण पावला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. १९८९ साली न्यायालयाने निर्णय दिला, की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जखमीचा जीव वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय. कागदपत्रे मागाहून होतील. पुढे बंगालमध्ये आगगाडीतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले आणि अखेर त्याला पदरमोड करून खाजगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. १९९६ साली त्याच न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई देवविली आणि पैसा अपुरा आहे ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असे बजाविले.

डॉक्टरांनी उपचार केले, तरी त्यांचे पैसे कोणी तरी भागवावयास हवेतच. त्यासाठी निरनिराळ्या वाटा आहेत. रस्त्यावरील अपघातात जखमी झालेल्या माणसासाठी केंद्र सरकारने २०२५ साली एक योजना लागू केली. नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, त्याच्यावर रोख रक्कम न घेता उपचार होतात. धडक देणाऱ्या वाहनाचा विमा असेल, तर हा पैसा विमा कंपन्यांनी भरलेल्या निधीतून येतो. विमा नसेल किंवा वाहन पळून गेले असेल, तर तो सरकार देते. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली, योजनेतील रुग्णालयांत, एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना निर्धनांसाठी शेकडा दहा खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी शेकडा दहा खाटा सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात; आणीबाणीच्या वेळी अनामत रकमेसाठी निर्धन रुग्णाला त्यांना अडविता येत नाही.

ह्याचा अर्थ असा नव्हे, की हे सारे फुकट असते. सरकारची तिजोरी म्हणजे तरी काय? गिरणीवाला, दुकानदार, शिक्षक यांच्या करांनी ती भरते, तशीच त्या सायकलवरील कामगाराच्या करानेही भरते. तो बिस्किटांचा पुडा किंवा साबणाची वडी विकत घेतो, तेव्हा किमतीतच कर भरीत असतो. मोटारीचा मालक दरवर्षी विम्याचा हप्ता भरतो. अशा रीतीने अनेकांनी सुखाच्या दिवसांत थोडे थोडे दिलेले असते आणि ज्याच्यावर संकट कोसळते, त्याच्या उपयोगी ते पडते. म्हणून रुग्णवाहिकेत पडलेला गरीब माणूस कोणाची भीक घेत नाही. तो आपला हक्क घेत असतो.

तरीही ही व्यवस्था परिपूर्ण झालेली नाही. योजनेत नसलेल्या खाजगी रुग्णालयाचे देणे आणि खाजगी गाडीचे भाडे अजूनही कुटुंबालाच द्यावे लागते. राज्य कामगार विमा योजनेत मालक वेतनाच्या शंभर रुपयांमागे सव्वातीन रुपये व कामगार पाऊण रुपया भरतो. त्यातून त्याला औषधोपचार आणि आजारपणातील वेतनाचा काही भाग मिळतो. पण ज्या कामगाराचे नाव कारखान्याच्या नोंदवहीत नसते, त्याला हा आधार नाही. तो अंथरुणावर असेपर्यंत त्याच्या घरची चूल कशी पेटावी, हा प्रश्न उरतोच. तो सोडविण्याचे काम पुढील पिढीला करावयाचे आहे.

तोपर्यंत एक गोष्ट मात्र लहानथोर सर्वांना करता येईल. अपघात दिसताच बघ्यांच्या गर्दीत उभे न राहता १०८ ला कळवावे व वडीलधाऱ्यांना हाक मारावी. जखमीला मदत करणाऱ्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती नाही आणि रुग्णालयाला त्याच्याकडून पैसे मागता येत नाहीत, असे नियम आहेत. 'पैसे कोण देणार?' हा प्रश्न योग्यच आहे. पण त्याची वेळ नंतरची. आधी प्राण, मग हिशेब.

अभ्यास
१. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचा खर्च कोण करतो?
२. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली कोणता निर्णय दिला?
३. 'तो आपला हक्क घेत असतो' असे लेखात का म्हटले आहे?
४. आपल्या गावाजवळचे सरकारी रुग्णालय कोठे आहे, ह्याची माहिती मिळवून पाच-सहा वाक्यांत लिहा.