आरपीसीची खिडकी: एका विनंतीचे २५६ कशाला?

आजचा भाग इंद्रलोकातून, म्हणजे भाईंदर पूर्वेतल्या आमच्या घरातून. मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या.

रविवारची गोष्ट. आजीच्या फोटोंची एकमेव कॉपी जुन्या पीसीत, आणि त्याची डिस्क कटकट वाजायला लागलेली. फोटो लॅपटॉपवर घेत होतो, वाय-फायवरून, एनएफएसने. सेटिंग जुनं, त्यामुळे यूडीपीवर. बाबांनी टीव्हीवर मॅच लावली आणि कॉपी जागच्या जागी थांबली.

एनएफएस आरपीसीवर चालतं: फंक्शन बोलावायचं आपल्या मशीनवर, काम होतं दुसऱ्या मशीनवर. माझं एकेक उत्तर ३२ केबीचं. पॅकेटची मर्यादा १५०० बाइट, म्हणून त्याचे २३ तुकडे. एक हरवला की बाकीचे २२ फुकट, सगळं परत मागवा. आणि यूडीपीला स्वतःहून हळू व्हायची अक्कलच नाही. वाण्याकडे गर्दी असताना ‘सामान कुठंय’ म्हणून दर दोन मिनिटांनी फोन करावा, तसं.

म्हणून लिनक्स कर्नलने आरपीसीच्या कोडमध्येच एक खिडकी ठेवलीय: उत्तराची वाट बघणाऱ्या विनंत्या एका वेळी किती असाव्यात. सुरुवात एका विनंतीने. खिडकी भरलेली असताना उत्तर आलं की ती किंचित मोठी होते. दोनाची असेल तर साधारण अर्ध्या विनंतीने. टाइमआउट झाला की थेट निम्मी, पण एकाच्या खाली नाही.

आता अर्धी विनंती मोजायची कशी? कर्नलमध्ये अपूर्णांकांची गणितं टाळतात. म्हणून एका विनंतीचे २५६ भाग धरले, अर्धी म्हणजे १२८. मला हा जुगाड जाम आवडतो.

मूळ कल्पना व्हॅन जेकबसन यांची, टीसीपीसाठी. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलेतल्या दोन जागांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. हजार नाही हं, नुसते ४०! त्यावरचा त्यांचा पेपर १९८८चा.

टीसीपीवर आरपीसी ही खिडकी वापरतच नाही. गर्दी टीसीपी बघतं, हरवलेला तेवढाच तुकडा परत पाठवतं. आरपीसी फक्त विनंत्यांचे स्लॉट मोजतं. माउंटमध्ये यूडीपीच्या जागी टीसीपी लिहिलं, आणि मॅच संपायच्या आत फोटो आले. लिनक्स ५.६ पासून यूडीपीवरचं एनएफएस मुळात बंदच ठेवलेलं असतं. घरात जुनं मशीन असेल तर माउंटची ओळ एकदा उघडून बघा.